माझे डाग, तिचा चट्टा

२८ जून १९७९
परत आले. सुट्टीभर पवनीला मायजवळ होते, म्हणजे मायच्या लेपांखाली होते. एक दिवस चारोळी दुधात वाटून, एक दिवस मसूर डाळ, एक दिवस कडुनिंब. मुलतानी माती तर रोजचीच. लेप लावताना माय बोलत नाही, नुसता श्वास सोडते. मे महिन्यात पाहायला आले होते त्यांचा निरोप तिनं मला सांगितला नाही. पण भिंत एकच. ऐकला. "पोरगी शिकेल हाये, मास्तरीण हाये, पण तोंडाकडे पाहवत नाही जी."
बावीस वर्षांची झाले. चौदाव्या वर्षापासून मुरूम. बसला तर काळा डाग, फुटला तर खड्डा.
बपेऱ्याला एस.टी.तून उतरून गावापर्यंत चिखल तुडवत आले. गभने बाई खोली झाडून बसल्या होत्या. गेल्या वर्षापासून आम्ही दोघी एका खोलीत. त्या पहिली-दुसरी घेतात, मी तिसरी. त्या आंबागडकडच्या शेतकरी घरातल्या, पंचेचाळीशीच्या, नवरा नाही. आम्ही बौद्ध. गेल्या वर्षी पहिल्याच दिवशी मी दुसरा माठ कुठं ठेवू विचारलं, तर म्हणाल्या, "दोन माठ भरून आणाची ताकत हाये का तुह्यात?" माठ एकच राहिला.

१४ जुलै
मीटिंगसाठी तुमसरला. बाईंच्या खोकल्याचं औषध घ्यायला दुकानात शिरले. दुकानदारानं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि न विचारता एक नळी काढून समोर ठेवली. "मॅडम, हे लावा. आठ दिवसात काचेवानी तोंड."
म्हटलं, डॉक्टरची चिठ्ठी?
"चिठ्ठी कायले? सगळेच नेतात."
आणली.

२४ जुलै
दहावा दिवस. पुटकुळ्या सपाट. लाली नाही. गालावरून हात फिरवला, मऊ लागला. दुसऱ्याच कोणाचा गाल वाटला.
आजपर्यंत वर्गात जास्त वेळ फळ्याकडे तोंड करून शिकवायची. आज मुलांकडे तोंड करून शिकवलं. सगळा तास.

३० ऑगस्ट
सकाळी एकदा, झोपताना एकदा. एक नळी संपायच्या आत दुसरी आणून ठेवते. काळे डागसुद्धा फिके पडत आहेत. बाई म्हणाल्या, "एवढं गुणाचं औषध! डाकटरनं देल्लं का?"
हो म्हटलं. का म्हटलं कळत नाही.

२५ ऑक्टोबर, पवनी
दिवाळीची सुट्टी. पाहायला आले. भंडाऱ्याचे लोक. मुलगा सुधाकर, पोस्टात. सोबत वडील आणि आत्या. आत्यानं हनुवटी धरून माझं तोंड दाराच्या उजेडाकडे फिरवलं. मी डोळे मिटून घेतले. मग ती म्हणाली, "साजरी हाये."
सुधाकरनं एकच विचारलं, "वर्गात मुलं किती?" एक्केचाळीस, म्हटलं. "सगळ्यांची नावं येतात?" म्हटलं, बापाच्या नावासकट. हसला.

११ नोव्हेंबर, पवनी
साक्षगंध झालं. लग्न मे महिन्यात. बाबा दिवसभर लोकांना पानसुपारी देत होते, स्वतः जेवायचं विसरले. माय स्वयंपाकघरात माझं तोंड दोन्ही हातांत धरून म्हणाली, "माह्या चारोळीनं गुण देल्ला पोरी."
नळीचं सांगितलं नाही. तिला तेवढं असू दे.

१३ डिसेंबर
व्हरांड्यात उन्हात बसून सहामाहीचे पेपर तपासले. तासाभरात गाल भाजल्यासारखे झाले. पाणी लावलं तर आग. नाकाच्या दोन्ही बाजूला बारीक लाल शिरा दिसतात, सुताच्या धाग्यासारख्या. वरच्या ओठावर लव आली आहे. आधी नव्हती.
थंडीमुळे असेल.

४ जानेवारी १९८०
तुमसरचं दुकान बंद, त्यांच्या घरी लग्न. चार दिवस नळी नाही.
सकाळी डोळ्याखाली ताणल्यासारखं वाटलं म्हणून आरसा घेतला. दोन्ही गाल, कपाळ, हनुवटी, सगळीकडे पिवळ्या तोंडाच्या फोडी. मध्ये लाल. चौदाव्या वर्षी नव्हतं असं काही. आरसा पालथा ठेवला. रडले तर मिठानं आणखी आग.
बाई उठल्या. पाहिलं. कंदील जवळ आणला. मग, "ते नळी दाखव."
रिकामी होती, तीच दाखवली.
"डाकटरनं नव्हती देल्ली ना?"
नाही म्हटलं. वाटलं आता बोलतील. त्या म्हणाल्या, "मंगळवारी भंडाऱ्याले चामडीचा डाकटर बसते म्हणतात. मी येतो संग."

८ जानेवारी
भंडारा. सरकारी दवाखाना. पाटीवर लिहिलेलं, चर्मरोग व कुष्ठरोग. दार एक, रांग एक. माझे पाय दारातच थांबले. रांगेत पुढे एक म्हातारा, बोटं अर्धी. त्यानं सावलीतली जागा सोडली आणि सरकला, मला बसायला. मी उभीच. गभने बाई जाऊन त्याच्या बाजूला बसल्या आणि त्याला गाव विचारू लागल्या. मग मी पण बसले. लाज वाटली, आधी बसले नाही याची.
रांगेत शाळेच्या गावचा एकजण दिसला. नमस्कार केला त्यानं.
डॉक्टर वयस्कर, बारीक, पुण्याकडची भाषा. नळी हातात घेऊन वाचली. म्हणाले, "हे मलम मुरमांचं नाहीच. इसबासाठी देतात, तेही थोडे दिवस. तुम्ही लावलंत, लाली दबली, तुम्हाला वाटलं रोग गेला. आत कातडी पातळ होत गेली. आजपासून बंद."
बंद केलं की बरं होईल?
"आधी आणखी बिघडेल. दोन महिने, कदाचित तीन. आरशात पाहवणार नाही. त्या दिवसांत जी बाई पुन्हा नळीकडे वळते, तिची सुटका होत नाही. तुमची करायची आहे ना?"
म्हटलं, मे महिन्यात लग्न आहे.
चष्मा काढून ठेवला त्यांनी. "मेपर्यंत निम्मं उतरेल. डाग वर्षभरात जातील. खड्डे राहतील, त्यांना माझ्याकडे औषध नाही. खोटं सांगत नाही तुम्हाला."
आठ वर्षांत पहिल्यांदा कोणी खोटं सांगितलं नाही.
पिवळ्या गोळ्या, जेवणाआधी, दुधासोबत नाही. लावायला गुलाबी पातळ औषध. ऊन टाळायचं. फोडायचं नाही. लेप एकही नाही.
बाईंनी विचारलं, "हळद बी नाही?"
"लग्नात हातापायाला लावा. तोंडाला नको."
येताना बसमध्ये बाईंनी मला खिडकीची जागा दिली नाही. ऊन त्या बाजूला होतं.

१९ जानेवारी
डॉक्टरांनी नळी बंद सांगितल्याला बारावा दिवस. दोन गालांवर मिळून बोट ठेवायला जागा नाही. उशीवर गाल टेकवत नाही. पदर कपाळापर्यंत ओढून वर्ग घेते. एका पोरानं विचारलं, "बाई, मधमाशा चावल्या का?" हो म्हटलं असतं. नाही म्हटलं. "औषध चुकलं, बाबू."

२ फेब्रुवारी
सुधाकरला पत्र. तीन कागद फाडले. चौथ्यात चार ओळी. तुम्ही पाहिलं ते तोंड मलमाचं होतं. माझं खरं तोंड हे आहे, आज ते फार वाईट आहे, मेपर्यंत निम्मं बरं होईल असं डॉक्टर म्हणतात, खड्डे राहतील. तुम्हाला हे आधी माहीत असावं.
बपेऱ्याला जाऊन पेटीत टाकलं. टाकल्यावर हात पेटीच्या तोंडात गेला, परत काढता येतं का म्हणून. येत नाही.

११ फेब्रुवारी
पट ४१. हजर ३१. धान कापणी नाही, बाजार नाही, सण नाही.

१३ फेब्रुवारी
हजर २४. चौथीच्या एका मुलीनं सांगितलं, खाली पाहत. "गावात म्हणून राहिले, बाईले महारोग हाये. भंडाऱ्याच्या त्या लायनीत होत्या."
नमस्कार करणारा आठवला. तो स्वतः कशाला बसला होता त्या रांगेत, हे कोणी विचारलं नसेल.

१४ फेब्रुवारी
हजर १७.
मोठे गुरुजी (हेडमास्तर, चौथी घेतात, मनानं वाईट नाहीत) टेबलावरचं पेन इकडून तिकडे करत म्हणाले, "बाई, थोडे दिवस रजा घ्या. मी नाही म्हणून राहिलो. गाव म्हणून राहिलं."
रजा घेतली की खरं ठरेल, म्हटलं.
"ते बी हाये," म्हणाले. पुन्हा पेन फिरवू लागले.
विहिरीवर बायका मी जाईपर्यंत थांबतात. आधीही थांबायच्या काही जणी, वेगळ्या कारणानं. आता सगळ्याच.

१५ फेब्रुवारी
हे नीट लिहून ठेवते.
दुपारची सुट्टी. आवारातल्या मोहाखाली डबा उघडला. विहिरीवर सात-आठ बायका, कुंपणाशी दोन बाप्ये. गभने बाई आल्या, समोर मांडी घालून बसल्या. माझ्या ताटातली अर्धी भाकर तोडली, माझ्याच वरणात बुडवून खाल्ली. मग माझा पेला उचलून उष्टं पाणी प्यायल्या. तोंड पुसलं. विहिरीकडे पाहून मोठ्यानं, "अवं बायांनो, दीड वर्ष होऊन राहिलं, मी इच्या संग एका माठातलं पेतो, एका खोलीत निजतो. मले झाला तं पयले तुमालेच सांगीन!"
कोणी हसलं. कोणी नाही.
मी हातातला घास धरूनच होते. त्या म्हणाल्या, "जेव. वरण थंडं होऊन राहिलं."

१८ फेब्रुवारी
पुरे झालं. अर्धा दिवस सुट्टी टाकून सिहोऱ्याच्या आरोग्य केंद्रात. तिथं नंदेश्वर भाऊ असतात, सायकलवर गावोगाव फिरून अंगावरचे चट्टे तपासतात. त्यांना म्हटलं, आमच्या शाळेत या. सगळ्यांना तपासा. सुरुवात माझ्यापासून, सगळ्यांसमोर.
त्यांनी सायकलची साखळी बसवता बसवता वर पाहिलं. "बाई, शाळावाले मले पाहून दार लावतात. तुमी बोलावून राहिल्या?"
हो म्हटलं.
पुढच्या सोमवारी येतो म्हणाले.

२५ फेब्रुवारी
मोठ्या गुरुजींनी काल स्वतः दवंडी दिली. पेन फिरवणारा माणूस, पण दवंडी दिली. सकाळी आवार भरलं. मुलांपेक्षा माणसं जास्त.
मध्ये खुर्ची. बसले. पदर खांद्यावर घेतला. तोंड उघडं. इतक्या लोकांसमोर असं कधी बसले नव्हते. नंदेश्वर भाऊंनी डोळे मिटायला सांगितले, पिसानं गालाला, कपाळाला, हाताला स्पर्श केला. लागलं की बोट ठेवून दाखवायचं. सगळीकडे दाखवलं. कानाच्या पाळ्या चाचपल्या, कोपराजवळची नस दाबली. मग उभे राहून म्हणाले, "हे मुरूम हायेत. चुकीच्या मलमानं चिघळले. हे कोणाले लागत नाही. अन् आता ज्या रोगाची तुमी गोष्ट करून राहिले, तो बी औषधानं बरा होते. लवकर सापडला तं हात-पाय जसेच्या तसे राहतात. लपवला तं जातात."
एका म्हाताऱ्यानं विचारलं, "मंग बाई भंडाऱ्याच्या लायनीत काहून होत्या?"
"चामडीचा डाकटर एकच हाये बाप्पा. लायन बी एकच."
मग मुलं. आधी हजर असलेली, मग घराघरातून आणलेली. दुपारपर्यंत माझ्याच वर्गातली छत्तीस. खरूज आठ-दहांना, गजकर्ण तिघांना. मी नावं लिहीत होते. एका मुलीपाशी त्यांचा हात थांबला. दंडाच्या मागच्या बाजूला, झग्याच्या बाहीखाली, रुपयाएवढा फिका चट्टा. डोळे मिटून ती बोट ठेवत होती, नीट ठेवत होती, फक्त तिथं ठेवत नव्हती. पीस फिरत होतं आणि ती वाट पाहत होती. "लावा न जी," म्हणाली.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर काही येऊ दिलं नाही. "झालं. जा." कागदावर लिहा म्हणाले, खरूज.
लिहिलं.
तिचं नाव मी या वहीतही लिहिणार नाही. वही कोणाच्या हाती लागेल सांगता येत नाही. 'ती' लिहीन. या सगळ्या दिवसांत एकदाही गैरहजर नव्हती ती.

२६ फेब्रुवारी
तिचा बाप धानाच्या बांधीवर काम करतो, बायको मेली. नंदेश्वर भाऊंनी त्याला बांधावर बसवून सांगितलं. मी सोबत. तो बराच वेळ मातीचं ढेकूळ फोडत बसला. मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "गावानं तुमच्या संग काय केलं ते म्या पाहलं बाई. म्या बी पाठवत नव्हतो पोरीले. तेच पळून येत होती शाळेत."
मग, "हे गावाले समजलं तं तिले कोण पाणी देईल?"
ठरलं ते असं. गोळ्या शाळेत. माझ्याकडे. बापाला, मला, नंदेश्वर भाऊंना माहीत. गभने बाईंना विचारून सांगितलं. पाचवं कोणी नाही, तिलाही नाही. लहान आहे, बाप म्हणतो.

३ मार्च
सुधाकरच्या वडिलांचं पत्र बाबांना. बाबांनी ते तसंच मला पाठवलं, सोबत काही न लिहिता. योग नाही. गैरसमज नसावा. साक्षगंधाची साडी ठेवून घ्यावी.
सुधाकरची एक ओळ नाही. मुलांची नावं विचारणारा माणूस. एक ओळ
राहू दे.

५ मार्च
दोन एस.टी. बदलून माय आली. मला वाटलं डबा भरून लेप आणला असेल. पिशवीत फक्त मुरमुऱ्याचे लाडू. बराच वेळ माझं तोंड पाहिलं. म्हटलं, माय, ते चारोळीनं नव्हतं, मलम होतं. ती म्हणाली, "मले माईत होतं. चारोळीनं काय होते का असं?"
मग बोट माझ्या गालाजवळ आणून थांबवलं, दुखेल म्हणून. "आठ वर्सं म्या तुयं तोंडच घासलं पोरी. तुले कदी विचारलं नाही, कसं लागते म्हून."
दोघी रडलो. मग लाडू खाल्ले. बाईंनी तीन खाल्ले.

१० मार्च
आजपासून आमच्या गोळ्या. दुपारची सुट्टी, आम्ही दोघी खोलीच्या पायरीवर. माझी पिवळी, तिची पांढरी. ती लहान, म्हणून तिची अर्धी. एक तांब्या. ती म्हणते, "बाई, तुमी आधी." मी आधी. मग ती डोळे घट्ट मिटून.
विचारलं, कशाची आहे माहीत आहे? "खरजेची. अन् तुमची मधमाशीची."
वर्गात सांगितलं आहे, दोघींना कातडीचं औषध चालू आहे. त्यात खोटं एक अक्षर नाही.

२२ मार्च
हजर ३८. तीन घरं अजून पाठवत नाहीत. तीन म्हणजे तीनच.
आज सकाळी गाल धुताना आग नाही. आधी लक्षात आलं नाही. आलं तेव्हा परत धुतलं.

२९ एप्रिल
भंडारा. डॉक्टरांनी खिडकीशी नेऊन पाहिलं. "नळी पुन्हा हाती घेतली नाहीत." विचारलं नाही, सांगितलं. कातडी सावरत आहे म्हणाले. गोळ्या आणखी तीन महिने. मी नंदेश्वर भाऊंचं, शाळेचं सगळं सांगितलं, तिचं पण, नाव न घेता.  ते म्हणाले, "दरवर्षी माझ्याकडे असली मुलं येतात, बोटं वाकल्यावर येतात. तुमची चट्टा रुपयाएवढा असताना आली."
रांगेत आज तो म्हातारा नव्हता. त्याच्या बाजूला बसायचं म्हणून गेले होते.

१२ मे, पवनी
हेच लग्नाचे दिवस होते. मायनं कुठंही नेलं नाही, घरातच ठेवलं, पन्हं दिलं. संध्याकाळी बाबा म्हणाले, "तुह्या शाळेतलं गभने बाईनं पत्रानं कळवलं मले. जेवणाचं. खुर्चीचं."  माझ्या डोक्यावर हात ठेवून नुसते उभे राहिले.
सुट्टीत तिच्या गोळ्या बापाकडे. कॅलेंडरवर टिकली करायला शिकवलं आहे.

२७ जून
शाळा सुरू. बापानं कॅलेंडर गुंडाळून आणलं होतं. दोन दिवस सोडून सगळ्या टिकल्या. ते दोन दिवस पोरीला ताप होता. कोळशानं केलेल्या टिकल्या. वाचता न येणाऱ्या माणसाच्या.

९ ऑगस्ट
माझ्या पिवळ्या गोळ्या संपल्या. नव्या फोडी नाहीत. डाग आहेत, तपकिरी, चहा सांडल्यासारखे. खड्डे गालावर सात मोठे, बाकी बारीक. ओठावरची लव गेली.
सोमवारी तिला एकटीनं गोळी घ्यावी लागेल. नाही घेणार. पेपरमिंटची गोळी आणली आहे.

१९ सप्टेंबर
नंदेश्वर भाऊ आले. खोलीत दार लावून तिला तपासलं. पीस चट्ट्याच्या मधोमध, काही नाही. कडेला आलं, आणि तिनं बोट ठेवलं. पुन्हा केलं. पुन्हा ठेवलं. "इथं मुंगी हाये जी."
नंदेश्वर भाऊ सायकलवरून शिटी वाजवत गेले.
संध्याकाळी बाप आला, हातात टोपलीभर शिंगाडे, तळ्यातले, ओले. दारातच उभा. म्हणाला, "बाई, एक म्हणू का? राग नका मानू. तुमचं तोंड खराब झालं म्हून माह्या पोरीचा हात वाचला."
तो गेल्यावर गभने बाई म्हणाल्या, "कसं बोलते माणूस!"
म्हटलं, बरोबर बोलला.

३० नोव्हेंबर, पवनी
माय म्हणते, मोहाडीकडचे कोणी पाहायला येणार. या वेळी तोंडाला पाणीही लावलं नाही वेगळं. आले, पाहिलं. त्यांच्यातल्या एका बाईनं हळूच विचारलं, "देवी आल्या होत्या का?" नाही, मुरूम, म्हटलं. आणि चुकीचं मलम. आणि ते का लावू नये, तेही सांगितलं. तिच्या सोबतच्या पुतणीच्या पर्समध्ये तीच नळी निघाली.
स्थळ जमलं नाही. पुतणीनं नळी माझ्याकडे देऊन टाकली.

१७ फेब्रुवारी १९८१
आज वर्ग घेताना जाणवलं की सकाळपासून तोंडाची आठवण आली नव्हती. मुरूम आल्यापासून नवव्या वर्षी.
ती चौथीत, मोठ्या गुरुजींकडे. पण दुपारी पायरीवर येतेच. चट्टा अर्ध्याहून लहान. अजून गोळ्या किती दिवस, विचारलं. नंदेश्वर भाऊ म्हणतात, दोन वर्षं, कदाचित जास्त. वरचे डॉक्टर सांगतील तसं.

१ मे
ती पास. वर्गात दुसरी. मोठ्या गुरुजींनी स्वतःचं पेन दिलं तिला, तेच.
पाचवीला सिहोऱ्याला जाणार, मामाकडे राहून. मामाच्या घरी काहीच माहीत नाही.

२३ जून
तिच्या जायला चार दिवस, म्हणून मी आणि गभने बाई शाळा उघडायच्या आधीच परतलो. आज पायरीवर बसलो. मी माझी गोळी तोंडात टाकली. ती पाहत होती. म्हणाली, "बाई, तुमची पेपरमिंटची हाये. मले दिवाळीपासून माईत हाये. वास येते."
मग बोलली का नाहीस, म्हटलं.
"तुमी माह्यासाठी खाता म्हून." मग तिची हातातली गोळी उलटसुलट करत, "तुमच्या गोळ्या बंद झाल्या. माह्या काहून नाही झाल्या? खरूज तं सगळ्याइची आठ दिवसात गेली."
म्हटलं, उद्या तुझ्या बाबांशी बोलते, मग सांगते.
"नक्की सांगाल का?"
नक्की.

२४ जून
बाप आला. सगळा दिवस बांधीत चिखलणी करून, तसाच. म्हटलं, मामाकडे तिला स्वतःच्या हातानं गोळी घ्यायची आहे, कोणाला न सांगता, दोन वर्षं. कशाची आहे ते माहीत नसेल तर एक दिवस टाकून देईल. तिला सांगावं लागेल.
तो म्हणाला, "माह्यानं नाही होत बाई. तो शब्द तिच्यासमोर माह्या तोंडातून निघत नाही. तुमीच सांगा."
गभने बाईंना विचारलं. त्या तांदूळ निवडत होत्या. "तो शब्द गावानं तुह्यावर फेकला होता. तिले फेकून नको देऊ. हातात दे."
कसा देतात हातात?

२५ जून
सकाळ. दहाला ये म्हटलं आहे. पाटीवर वाक्यं लिहून पाहिली, पुसली. 'तुला जे आहे ते बरं होतंय.' आधी हे. मग नाव. मग तिचा दंड तिलाच दाखवायचा, आरशात, आधी केवढा होता आणि आता केवढा आहे. पीस आणून ठेवलं आहे, तिनं स्वतः फिरवून पाहावं म्हणून. भंडाऱ्याच्या रांगेचं सांगीन. मी उभी राहिले होते, तेही.
ती विचारेल, गावाले समजलं तं? याचं उत्तर माझ्याकडे नाही. विचारेल, मामीले सांगू का? तेही नाही. नंदेश्वर भाऊंचा सिहोऱ्याचा पत्ता एका चिठ्ठीवर लिहिला आहे, आणि माझा.
 या पोरीनं, तिच्या बापानं, बाईंनी, त्या डॉक्टरांनी मला ज्या ज्या वेळी खरं सांगितलं, त्या त्या वेळी मी उभी राहू शकले. तिलाही
गभने बाई बाहेरून हाक मारतात. अजून साडेनऊच. ती आली आहे, वेणी घालून, एकटी.